हेडबाई घरातच आहेत

दोन विहिणींनी एका खोलीत, एका कपाटात आणि एका नातीवर गुण्यागोविंदाने राहावं, असा हेडबाईंच्या जावयाचा बेत होता. जावई फार शिकलेला होता, त्यामुळे त्याला यातलं काही कळत नव्हतं. त्याने दोन खाटांच्या मधे एक दिवा ठेवला, कपाटाचे डावे खण आपल्या आईला आणि उजवे सासूबाईंना दिले, आणि प्रश्न मिटला असं समजून तो कामाला निघून गेला.

प्रश्न मिटला नव्हता. हेडबाईंच्या वाट्याचा सगळ्यात खालचा खण मुळी कपाटात नव्हताच. तो विहीणबाईंनी आधीच बाहेर काढून, त्यात मऊ दुपटी अंथरून खिडकीशी ठेवला होता आणि त्यात बाळ झोपत होतं. येणाराजाणारा त्या खणाचं कौतुक करायचा. शेजारीण करायची, तपासायला येणारी नर्स करायची, जावई तर फोटो काढून ऑफिसात दाखवायचा. "आमच्या आईचं डोकं बघा," म्हणायचा. हेडबाई तोंडाने म्हणायच्या, "हो ना, छान सुचलं हो तुम्हाला." मनात म्हणायच्या, माझी नात काय मोजे आहे, खणात ठेवायला?

हेडबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्या हेडक्लार्क होत्या. नाव तिथे पडलं, तिथून गल्लीत आलं, आणि शेवटी नवराही, दुसऱ्या खोलीत सुरक्षित असला की, त्यांना हेडबाईच म्हणायला लागला. नळ तोडायच्या नोटिशीवर त्यांची सही दिसली की माणूस भांडायला न येता पैसे भरायलाच यायचा, असा त्यांचा दरारा. लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. रजा हवी तेवढी शिल्लक होती. पण आपल्यावाचून कार्यालयात पान हलत नाही अशी त्यांची पक्की समजूत, तेव्हा त्यांनी फोनवर लेकीला सांगून टाकलं, "तुझ्या सासूबाई येतायत ना, मग झालं तर." लेक बरं म्हणाली. ती इतक्या चटकन बरं म्हणेल असं हेडबाईंना वाटलं नव्हतं.

मग त्या निवृत्त झाल्या, हारतुरे घेतले, आणि कार्यालयातली पानं त्यांच्यामागे बिनबोभाट हलायला लागली. त्या विमानात बसल्या आणि परदेशातल्या त्या घरात शिरल्या. नात एव्हाना मान धरायला लागली होती. पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने आजीकडे बघितलं आणि विहीणबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं.

तर हेडबाईंना मत्सर वाटत होता. त्याला उगाच दुसरं गोंडस नाव द्यायला नको. विहीणबाईंनी बाळाला उताणं केलं की ते हसायचं, याचा मत्सर वाटत होता. विहीणबाईंना तिथली भाषा ओ की ठो येत नसताना बसचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी बस थांबवायचा, याचा वाटत होता. भाजीवाली त्यांच्या पिशवीत वर एक लिंबू टाकायची, त्या लिंबाचासुद्धा वाटत होता. बाई काडीसारखी, आवाज असा की शेजारच्या खुर्चीवरही पोचू नये, उभा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेला. हिच्यात एवढं काय आहे, हे हेडबाईंना कळत नव्हतं, आणि कळत नसल्यामुळे अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

सगळ्यात वाईट झालं ते एका सकाळी. लेक न्हाणीघरातून ओरडली, "ए आई, टॉवेल दे गं." हेडबाई हातातला कप ठेवून उठल्या. विहीणबाई बसूनच राहिल्या, नुसत्या अवघडल्या. टॉवेल घेऊन हेडबाई दाराशी गेल्या, तर दाराच्या फटीतून हात आला, आणि लेक म्हणाली, "अगं, तू? त्यांना म्हटलं होतं मी. त्यांना ठाऊक आहे कुठला ते." लग्नाच्या वेळी जिला ही पोरगी 'अहो आई' म्हणताना अडखळायची, तिला आता 'ए आई' झालं होतं. टॉवेलही चुकीचाच निघाला. हेडबाईंनी गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

आणि आता त्यात मुक्कामाचं निघालं. लेकीची रजा संपत आली होती. जावयाच्या पगारावर सरकार एकाच पाहुण्याचा मुक्काम वाढवून देत होतं. म्हणजे एक आजी बाळाजवळ राहणार आणि दुसरी पुढच्या आठवड्यात विमानात बसणार. जावयाने ताटावर विषय काढला.

"दिवसभर आम्ही दोघं बाहेर असणार," तो म्हणाला. "जी राहील तिला बाहेरचं सगळं एकटीने जमायला हवं. दवाखाना, बाजार, मशीनमधून पैसे काढणं. माझी आई ते सगळं करतेच. आई, तुम्हालाही अवघड नाही, तुम्ही तर अख्खं ऑफिस चालवलंय. रविवारी सगळे मिळून ठरवू आणि मी अर्ज भरून टाकतो."

लेक ताटात बोटाने रेघा ओढत बसली. हेडबाईंनी तिच्याकडे बघितलं. तू म्हण ना, की माझी आई राहू दे. एकदा म्हण. ती म्हणाली नाही. विहीणबाईंकडेही तिने बघितलं नाही, हीच काय ती गोष्ट हेडबाईंना जरा बरी वाटली.

हेडबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. कोपऱ्यावरच्या सुताराच्या दुकानात त्यांनी एक पाळणा हेरून ठेवला होता. चांगला शिसवी, गुळगुळीत, खाली गोल पट्ट्या असलेला, नुसतं बोट लावलं तरी झुलणारा. तो पाळणा त्या एकटीने जाऊन, स्वतःच्या पैशाने घेऊन येणार होत्या. खण कपाटात परत जाणार होता. मग बघू कोण कुणाचं डोकं बघतं. सुतार रोखीशिवाय व्यवहार करत नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून त्याने खुणेने बजावलं, रविवारपर्यंत ठेवतो, मग दुसऱ्याला देईन. बरोबर आणलेल्या नोटा बाळाच्या खेळण्यांवर केव्हाच संपल्या होत्या, पण कार्ड होतं. स्वतःच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड. हेडबाईंनी ते पाकिटात घातलं, जावई कामावर गेल्यावर चपला घातल्या आणि "जरा पाय मोकळे करून येते," असं सांगून निघाल्या.

मशीन घराच्या समोरच, रस्त्यापलीकडे भिंतीत बसवलेलं होतं. त्यांनी कार्ड घातलं, हाताचा आडोसा करून आकडे दाबले, रक्कम दाबली. मशीनने थोडा विचार केला आणि कार्ड जीभ काढल्यासारखं बाहेर काढलं. पडद्यावर चार ओळी आल्या. त्यातला एकच शब्द त्यांना लागला, आणि तो 'नाही' असा होता. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा नाही. मग त्या दोन गल्ल्या पुढच्या मशीनशी गेल्या, तेही त्याच घरचं निघालं. मागे उभ्या असलेल्या माणसाने सहानुभूतीने मान हलवली, तेव्हा मात्र हेडबाईंचा पारा चढला. लोकांचे नळ तोडण्यात जन्म गेलेल्या बाईचा नळ कुणीतरी तोडला होता.

लेकीने दिलेल्या जुन्या फोनवरून त्यांनी बँकेला फोन लावला. कार्डविभागातला पोरगा अत्यंत नम्र होता.

"मॅडम, आपलं कार्ड सुरक्षेसाठी बंद केलंय," तो म्हणाला. "परदेशात कुणीतरी ते वापरायचा प्रयत्न करतंय."

"मीच करतेय. मी परदेशात आहे."

"आमच्या नोंदीप्रमाणे आपण घरी आहात, मॅडम."

"अहो, मी इथे रस्त्यावर उभी आहे."

"तसं आपण म्हणताय. पण आपल्या नोंदवलेल्या नंबरवर आम्ही फोन केला होता. खात्यात दुसरं नाव ज्यांचं आहे, त्या आपल्या यजमानांनी सांगितलं, की आपण घरातच आहात आणि अंघोळीला गेलाय."

हेडबाई रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या. त्यांचा भारतातला फोन, म्हणजे जो नंबर बँकेकडे होता तो, परदेशात फार बिल येतं म्हणून त्या नवऱ्यापाशी ठेवून आल्या होत्या. त्यांनी घरी फोन लावला.

"बँकेचा फोन आला होता का?"

"आला होता ना," नवरा म्हणाला. आवाजात अभिमान होता. "आत्ताच दोनदा आला. तू सांगून गेलीस तस्संच केलं. कुणालाही सांगायचं नाही, मी परदेशात आहे म्हणून. घर बंद आहे समजून चोर येतात. ती बाई विचारायला लागली, मॅडम बाहेरगावी आहेत का? मी म्हटलं छे, घरातच आहेत, अंघोळीला गेल्यात. थोड्या वेळाने परत फोन. आता द्या म्हणे मॅडमना. मी म्हटलं, आता झोपल्यात."

"अंघोळ करून झोपले मी?"

"मला काय एवढं सुचतं का पटकन? मग ती म्हणाली, तुमच्या कार्डावर परदेशात कुणीतरी पैसे काढतंय. मी म्हटलं, पकडा त्याला. सोडू नका."

हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की ओळख पटवायला बँक आता त्या फोनवर एक आकडा पाठवेल, तो फक्त मला वाचून दाखवा. आकडा आला. नवरा वाचून दाखवेना.

"तूच सांगितलंय, आकडा कुणाला द्यायचा नाही. मी मागितला तरी द्यायचा नाही. हल्ली चोर ओळखीच्या आवाजात बोलतात म्हणालीस."

"अहो, मीच आहे."

"ओळखीचा आवाज तसंच म्हणणार ना."

शेवटी त्यांनी त्याला असं काही झापलं, की तसं झापणं कुठल्या चोराला जमणार नाही याची त्याची खात्री पटली. तोवर आकड्याची मुदत संपली होती. कार्डविभागातला पोरगा अजूनही नम्र होता. कार्ड कायमचं रद्द झालंय, मॅडम. नवं कार्ड आपल्या घरच्या पत्त्यावर येईल. ते आपण स्वतः, समक्ष सही करून घ्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. हा नियम हेडबाईंनी केला असता तर तोही असाच केला असता, आणि म्हणून त्यांना त्याच्याशी भांडताही आलं नाही.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. लेकीकडे मागणं तर जिवावर आलं असतं. लेकीला त्यांनी आयुष्यभर दिलं होतं, मागितलं कधीच नव्हतं. आणि जावयाला कळलं की संपलंच, राहण्याचा दावा तिथेच बुडाला. राहता राहिल्या विहीणबाई. बाई दर शनिवारी कापडी पिशवी घेऊन मशीनवर जायची, तिथून बाजारात. तिच्याकडून उसने घ्यावेत, दोघींत ठेवावं, मागाहून सवडीने परत करावेत. हे हेडबाईंना मुळीच रुचलं नाही. पण रविवार उद्यावर आला होता आणि पाळणा दुसऱ्याच्या घरी जाणार होता. शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या, "विहीणबाई, मीही येते आज तुमच्याबरोबर."

विहीणबाईंचा चेहरा पडला. "कशाला उगीच तुम्ही दमताय," त्या म्हणाल्या.

"दमायला मी काय खणातली आहे?" हेडबाई म्हणाल्या आणि दोघी निघाल्या.

रस्ता ओलांडून मशीनपाशी पोचल्या, तर विहीणबाई बाजूला झाल्या. "तुम्ही आधी घ्या," त्या म्हणाल्या.

"छे, छे. तुम्ही आधी."

"तुम्ही मोठ्या. तुम्ही घ्या."

"मोठी कसली, मुलीकडची मी. मान तुमचा."

पाठीमागे माणसं येऊन उभी राहिली. एकाने घसा खाकरला. समोरच्या गॅलरीत जावई चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने दोन्ही आयांना एकत्र बघितलं आणि आनंदाने हात केला. दोघींनीही हसून हात केला. आता कुणीतरी पुढे जाणं भाग होतं. विहीणबाई पुढे झाल्या.

हेडबाई मागून बघत होत्या. दुसऱ्याच्या खांद्यावरून बघण्याची त्यांना नोकरीतली सवय होती. विहीणबाई मशीनसमोर वाकल्या. त्यांनी कार्ड घातलं नाही. त्यांच्या हातात कार्ड नव्हतंच. त्यांनी दोनचार बटणं उगीचच दाबली, जरा थांबल्या, मग पदराआड पाकीट उघडून त्यातल्याच नोटा बाहेर काढल्या, गॅलरीतून दिसतील अशा हातात धरल्या आणि पुन्हा पाकिटात ठेवल्या.

"आता तुम्ही," त्या वळून म्हणाल्या.

हेडबाई पुढे झाल्या. लोकांच्या देखत, जावयाच्या देखत मेलेलं कार्ड मशीनमध्ये घालायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनीही दोनचार बटणं दाबली, जरा थांबल्या, पाकीट उघडलं, मिटलं. गॅलरीतून पुन्हा हात झाला. बँकेने ते मशीन तिथून उचलून नेलं असतं तरी त्या दोघींना काही फरक पडला नसता.

बाजारात वळेपर्यंत हेडबाईंनी कळ काढली. मग विचारलं, "कार्ड कुठे आहे तुमचं?"

विहीणबाईंनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग मान खाली घातली. "गेलं," त्या म्हणाल्या. "आल्या आल्याच. आकडा चुकला माझा, परत चुकला, तिसऱ्यांदा मशीनने कार्ड गिळलंच. मुलगा निघतानाच म्हणाला होता, आई, तुला हे जमायचं नाही, मी काढून देत जाईन. मी म्हटलं, न जमायला काय झालं. आता कुठल्या तोंडाने सांगू त्याला?"

"मग हे पैसे?"

"तुमची लेक. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच उभी होती, दिवस भरत आलेली. काही बोलली नाही. त्या शनिवारपासून माझ्या पाकिटात नोटा असतात. मी विचारत नाही, ती सांगत नाही." मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला तिने कधी कमीपणा येऊ दिला नाही हो. तुम्ही वाढवलंय, दिसतंच."

हे शेवटचं वाक्य त्या बिचारीने चांगल्या मनाने म्हटलं होतं, आणि ते हेडबाईंना नेमकं कुठे लागलं याची तिला कल्पना नव्हती. आपली पोटची पोर दर आठवड्याला गुपचूप दुसरीच्या पाकिटात पैसे ठेवते. आपल्याला सांगतसुद्धा नाही. आणि आपलं पाकीट ठणठणीत रिकामं आहे हे तिला दिसत नाही. हेडबाईंना त्या क्षणी विहीणबाईंच्या गिळलेल्या कार्डाचासुद्धा हेवा वाटला. स्वतःच्या कार्डाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. उसने मागण्याचा तर प्रश्नच नव्हता, लेकीचेच पैसे विहिणीकडून उसने घ्यायचे म्हणजे झालंच. भाजीवालीने नेहमीप्रमाणे पिशवीत लिंबू टाकलं. "तुम्ही कुणाला बोलणार नाही ना?" विहीणबाईंनी घराच्या जिन्यात विचारलं. हेडबाई म्हणाल्या, "बघू."

हा 'बघू' त्यांनी रविवार दुपारपर्यंत तोंडात गोळीसारखा घोळवला. एका वाक्याचं काम होतं. जावईबापू, तुमच्या आईंना तेवढं कार्ड दाखवायला सांगा. बस्स. खोटं नाही, चुगली नाही, सरळ विचारलेला प्रश्न. अर्जावर हेडबाईंचं नाव, खण कपाटात, नात कुशीत.

ताटं वाढली गेली. जावयाने अर्ज बाजूला ठेवला आणि विषय काढला. "मला वाटतं आईच राहू दे," तो जरा चाचरत सासूकडे बघत म्हणाला. "म्हणजे तिला इथली सवय झालीय, आणि बँकेचंसुद्धा ती सगळं स्वतः..."

"विहीणबाईंचं कार्ड," हेडबाई म्हणाल्या.

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. हेडबाईंनी मात्र त्यांच्याकडे न बघता लेकीकडे बघितलं. लेक पांढरी पडली होती. हा चेहरा हेडबाईंच्या ओळखीचा होता. शाळेत असताना मांजराचं पिल्लू दप्तरात घालून आणायची, दप्तर पाठीमागे धरून उभी राहायची, आणि आई आता दप्तर उघडायला लावणार म्हणून अशीच बघायची. हेडबाईंनी प्रत्येक वेळी दप्तर उघडायला लावलं होतं. प्रत्येक वेळी पिल्लू बाहेर गेलं होतं. आज पोरगी बाळंतीण झाली, स्वतःच्या संसारात बसली, आणि तरी आईने तोंड उघडलं की तिचा चेहरा तोच व्हायचा. असा चेहरा समोर घेऊन या घरात राहायचं, हे हेडबाईंना जिंकणं वाटेना.

"विहीणबाईंचं कार्ड चालतंय ना?" त्या म्हणाल्या. "मग प्रश्नच कुठे येतो. माझं बंद पडलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्याने बँकेला काय सांगितलं, त्या कशा अंघोळ करून झोपल्या, आकडा कसा मिळाला नाही, चोराला पकडायला बँकेला कशी परवानगी मिळाली. जावई हसून हसून लाल झाला. त्याला सासूबाई विनोदी आहेत हे पहिल्यांदाच कळत होतं. "नवं कार्ड घ्यायला मलाच जायला हवं," हेडबाई म्हणाल्या. "सही माझी लागते. भरा तुम्ही अर्ज." लेकीने रोखून धरलेला श्वास सोडला. तो हेडबाईंना स्पष्ट ऐकू आला. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या ताटावरून उठल्या, हात धुतले, आणि पुढची कितीतरी मिनिटं नळ चालूच ठेवून उभ्या राहिल्या.

दुपारी हेडबाई खोलीत बाळाचे वाळलेले कपडे घडी करत बसल्या होत्या. लेक आली आणि खाटेच्या कडेवर बसली.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"काल."

"मग तू मला का नाही विचारलंस?"

"तू मला सांगितलं होतंस?"

लेकीने एक झबलं उचललं, उलटंसुलटं केलं. "तुला सांगितलं असतं तर तू त्यांना शिकवायला बसली असतीस, आई. रोज दुपारी. आकडे पाठ करून घेतले असतेस. परीक्षा घेतली असतीस."

हेडबाईंना नाही म्हणता येईना. त्यांनी खरोखरच घेतली असती. "बरं," त्या म्हणाल्या, "आणि माझं कार्ड बंद पडलं, ते तुला दिसलं नाही."

"तुझ्याजवळ पैसे नसतील असं मला वाटलंच नाही गं," लेक म्हणाली. "लहानपणापासून कधीच नाही वाटलं. तुला कशाचीच कमी नसते."

तिने हे कौतुकाने म्हटलं होतं. हेडबाईंनी तीच घडी मोडून पुन्हा घातली, पुन्हा मोडली. खिडकीशी खणात बाळ हातपाय हलवत होतं आणि छताकडे बघून काहीतरी बोलत होतं.

"हवेत का तुला?" लेकीने जरा भीतभीतच विचारलं. "पैसे?"

नकोत, हा शब्द हेडबाईंच्या ओठांपर्यंत आला. तो इतकी वर्षं तिथेच राहायला होता. त्यांनी तो गिळला.

"हो," त्या म्हणाल्या.

"कशाला हवेत?"

"तिला विचारतेस का, कशाला हवेत?"

लेक उठायला लागली. हेडबाईंनी आपलं पाकीट तिच्या बाजूला सरकवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"मी बघत नाही," त्या म्हणाल्या. "तू ठेव आणि जा. आणि तिच्या पाकिटात ठेवतेस ना, त्यापेक्षा एक नोट जास्त ठेव."